पाण्यातली नॅनोकण शाई: पी३एचटीच्या सेंद्रिय सोलर सेलचा फिल फॅक्टर ३१ टक्क्यांवरच अडकला आहे

प्रश्न: शाईतले_कण

नमस्कार मंडळी,

सेंद्रिय सोलर सेलचा सक्रिय थर क्लोरोबेन्झीनऐवजी पाण्यातल्या नॅनोकणांच्या शाईतून घालायचा आहे. पद्धत मिनिइमल्शनची, म्हणजे पदार्थ विरघळवलेल्या द्रावकाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात करायचे आणि मग द्रावक उडवायचे. नेहमीच्या द्रावकातला सेल व्यवस्थित चालतो, पाण्यातला चालत नाही. तपशील असा:

सेलची रचना उलटी आहे. आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक ऑक्साइड) लावलेली काच, त्यावर सोल-जेल पद्धतीचा झिंक ऑक्साइड साधारण ३० नॅनोमीटर, मग पी३एचटी (इलेक्ट्रॉन देणारा पॉलिमर, म्हणजे दाता) आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन घेणारे फुलरीन, म्हणजे स्वीकारक) यांचा थर, त्यावर मॉलिब्डेनम ऑक्साइड १० नॅनोमीटर आणि चांदी १०० नॅनोमीटर. वरचे दोन्ही थर निर्वातात बाष्पीभवनाने बसवतो.

शाईसाठी पी३एचटी ३० मिग्रॅ आणि पीसीबीएम ३० मिग्रॅ, क्लोरोफॉर्म ५६० मायक्रोलिटर. दुसऱ्या बाजूला सोडियम डोडेसिल सल्फेट म्हणजे एसडीएस हा साबण ३३ मिग्रॅ, डीआयोनाइज्ड पाणी २.८ मिली. दोन्ही एकत्र करून ३३ अंश सेल्सिअसला तासभर ढवळणे, मग बर्फात ठेवून हॉर्न सोनिकेटर २ मिनिटे, नंतर झाकण उघडे ठेवून ६० अंशांवर ३ तास, म्हणजे क्लोरोफॉर्म उडून जातो. धुण्यासाठी १० किलोडाल्टनचे (त्याहून जड रेणू अडवणारे) सेंट्रिफ्यूज फिल्टर, ४ मिलीचे; ४००० आरपीएम, ७ मिनिटे, चार फेऱ्या. सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर लावलेले असते. शेवटी १ मिली शाई उरते.

कणांचा आकार डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणारे तंत्र) धुण्याआधी ५५ नॅनोमीटर. धुतल्यावर ५५ चे शिखर राहते, पण ३०० च्या आसपास दुसरे एक लहान शिखर येते. कोटिंग २००० आरपीएम, ६० सेकंद, मग हवेतच ११० अंशांवर ४ मिनिटे. मायक्रोस्कोपखाली बारीक भेगा दिसतात आणि मधूनमधून पांढुरके ठिपके.

मोजमाप, एएम १.५ प्रकाशात (सूर्यप्रकाशाचा प्रमाण वर्णपट), १०० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी:

क्लोरोबेन्झीन: ०.५८ व्होल्ट, ८.६ मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमी, फिल फॅक्टर (सेलची कमाल शक्ती भागिले या व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार) ५८ टक्के, कार्यक्षमता २.९ टक्के.
पाणी: ०.४१ व्होल्ट, ३.४ मिलिअँपिअर, ३१ टक्के, ०.४३ टक्के.

प्रश्न असे की दोष साबणाचा, भेगांचा की कणाच्या आतल्या रचनेचा, हे वेगळे कसे काढायचे? पीसीबीएम सोडून ओ-आयडीटीबीआर (फुलरीन नसलेला स्वीकारक) घ्यावे का? आणि क्लोरोफॉर्म वापरावाच लागतो, तर या सगळ्याला पर्यावरणपूरक म्हणण्यात अर्थ आहे का?

उत्तर: इमल्शन_टेबल

कृती बरोबर आहे, धुण्यात घोळ आहे. सेंट्रिफ्यूजचे ४ अंश आधी बंद करा.

एसडीएसचा क्राफ्ट बिंदू साधारण १२ ते १६ अंशांच्या दरम्यान असतो. त्याखाली ते पाण्यात नीट विरघळलेले राहत नाही, स्फटिक होऊन खाली बसते. तुमच्या फिल्टरवर ४ अंशांना नेमके हेच होते: स्फटिक जाळीवर अडकतात, खालून जाणारे पाणी स्वच्छ दिसते आणि साबण गेला असे वाटते. शाई खोलीच्या तापमानाला आली की तोच साबण परत विरघळतो. फिल्ममधले पांढुरके ठिपके बहुतेक त्याचेच. खात्री करायची असेल तर ठिपके असलेली काच २५ अंशांच्या स्वच्छ पाण्यात अर्धा मिनिट बुडवा आणि त्याच जागी पुन्हा मायक्रोस्कोप लावा. ठिपके नाहीसे झाले तर साबण; राहिले तर कणांचे गठ्ठे.

दुसरी गोष्ट फिल्टरची. ३३ मिग्रॅ एसडीएस २.८ मिलीत म्हणजे सुमारे ४१ मिलिमोलर. मिसेल, म्हणजे साबणाच्या रेणूंचे झुबके, तयार होण्याची सीमा ८.२ मिलिमोलर. म्हणजे तुम्ही सीमेच्या पाचपट वर आहात आणि बराचसा साबण मिसेलच्या रूपात आहे. एका मिसेलमध्ये साधारण ६० रेणू, प्रत्येकी २८८ डाल्टन. वजन होते १७ ते १८ किलोडाल्टन. १० किलोडाल्टनची जाळी त्याला अडवते. पहिल्या फेऱ्यांत साबण कणांबरोबर वरच राहतो. त्यामुळे आधी शाई सहा-सात पट पाण्याने पातळ करा, म्हणजे मिसेल मोडतील, आणि मगच फिल्टरमध्ये घाला. तुमचे कण ५५ नॅनोमीटरचे आहेत, त्यामुळे १०० किलोडाल्टनची जाळी बिनधास्त चालेल. त्यात वेगही मिळतो.

कुठे थांबायचे? ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाची प्रसिद्ध कृती, जी तुमच्या कृतीशी जवळजवळ जुळते, गाळलेल्या पाण्याचा पृष्ठताण मोजून ३८ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास थांबते. तो आकडा मिसेल-सीमेजवळचा आहे. टेन्सिओमीटर नसेल तर साधा कंडक्टिव्हिटी मीटर घ्या. सीमेच्या खाली दर मिलिमोलर एसडीएसमागे साधारण ६५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी मिळतात. गाळलेले पाणी ५०० दाखवत असेल तर तुम्ही ८ मिलिमोलरच्या जवळ आहात, १०० दाखवत असेल तर दीडच्या. पाण्याचा स्वतःचा आकडा आधी वजा करा आणि मोजणी २५ अंशांनाच करा.

हा आकडा फिल्मच्या भाषेत असा बसतो. न धुता कोटिंग केले तर ९३ मिग्रॅ घन पदार्थात ३३ मिग्रॅ साबण, म्हणजे फिल्मचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग विद्युतरोधक. ८ मिलिमोलरला थांबलात आणि शाई ६० मिग्रॅ प्रति मिली असेल तर मोकळा साबण साधारण ४ टक्के. याशिवाय कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेला वेगळा. ५० नॅनोमीटरच्या कणांचे पृष्ठफळ साधारण १०० चौ. मीटर प्रति ग्रॅम येते. पृष्ठभाग पूर्ण झाकलेला धरला तर ग्रॅममागे ८० ते ९० मिग्रॅ एसडीएस. हा भाग पाण्याने कितीही धुतला तरी सगळा निघत नाही आणि निघाला तर कण एकमेकांना चिकटतात. म्हणून कण जितका बारीक तितका चांगला, असे इथे चालत नाही. ३० नॅनोमीटरच्या कणाला ६० च्या कणापेक्षा दुप्पट साबण लागतो.

३०० चे दुसरे शिखर गारव्यामुळे आले असण्याचीच शक्यता जास्त. तरी कोटिंगआधी ०.४५ मायक्रॉनच्या पाण्याला चालणाऱ्या सिरिंज फिल्टरमधून एकदा शाई काढा. फिल्टर लगेच तुंबला तर गठ्ठे बरेच आहेत.

आणखी एक सोपी तपासणी: सोनिकेशननंतर पीएच कागद लावा. अल्ट्रासाउंडखाली क्लोरोफॉर्म थोडा तुटतो आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. पीएच ५ च्या खाली असेल तर दोन तोटे. एसडीएसचे हळूहळू डोडेकॅनॉल होते, जे पाण्याने धुतले जात नाही, आणि तुमचा झिंक ऑक्साइडचा थर शाई पडताक्षणी खाल्ला जातो. हॉर्नचे टोक द्रवात सेंटिमीटरभर बुडलेले हवे. वर असेल तर फेस होतो, ऊर्जा फेसात जाते आणि नवखा माणूस मग वेळ वाढवत बसतो. वेळ वाढवू नका, बर्फ वाढवा.

उत्तर: डार्क_करंट

वरचे सगळे कराच, पण त्याआधी आहे त्याच सेलवर दोन मोजमापे घ्या. कोणता दोष किती वाटा उचलतो ते त्यातून कळेल आणि पुढचे काम वाचेल.

पहिले, अंधारातला करंट-व्होल्टेज वक्र. शून्य व्होल्टच्या दोन्ही बाजूंना ०.१ व्होल्टपर्यंतचा उतार घ्या आणि त्यातून शंट रोध (सेलमधल्या गळतीच्या वाटेचा रोध) काढा. तुलना कशाशी करायची? तुमच्या सेलचा व्होल्टेज भागिले करंट, म्हणजे ०.४१ भागिले ०.००३४, येतो १२० ओम चौ. सेंमी. शंट रोध याच्या किमान दहापट, १२०० च्या वर हवा. तो दोनशे-तीनशेच असेल तर भेगांतून वरचा थर खालच्या झिंक ऑक्साइडला टेकला आहे आणि फिल फॅक्टर त्यातच गेला. अंधारात रोध हजारोंमध्ये असेल आणि प्रकाशात मात्र वक्र शून्याजवळ तिरका असेल, तर भेगा निर्दोष आहेत. चार्ज बाहेर पडण्याआधीच पुन्हा जुळून नष्ट होतो.

दुसरे, प्रकाश दहाव्या हिश्शावर आणा. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर असेल तर उत्तम, नसेल तर बारीक तारेची जाळी दोन-तीन पदरी करून चालते, फक्त संदर्भ डायोडने प्रकाश पुन्हा मोजा. कमी प्रकाशात फिल फॅक्टर वाढला तर दोष पुनर्संयोगाचा (चार्ज असे पुन्हा जुळण्याचा) किंवा मालिका रोधाचा (करंटच्या मुख्य वाटेतल्या रोधाचा). कमी झाला आणि व्होल्टेजही कोसळला तर गळती. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तिच्याइतके स्वच्छ उत्तर महागडी उपकरणेही क्वचित देतात.

तुमचा व्होल्टेज ०.५८ वरून ०.४१ वर आला आहे, त्यामुळे माझा पहिला संशय गळतीवर.

आता भेगांचे. पाणी वाळताना कणांमधल्या फटीत केशिका-ताण येतो आणि थर ठरावीक जाडीपुढे तडकतो. १०० ते १२० नॅनोमीटरचा एकच थर घालण्यापेक्षा ५० ते ६० चे दोन थर घाला. शाई ३० मिग्रॅ प्रति मिलीला आणा, पहिला थर, ११० अंशांवर ४ मिनिटे, काच थंड होऊ द्या, मग दुसरा. पहिला थर नीट तापवलेला नसेल तर दुसऱ्या थराचे पाणी त्याला उचलून नेते. कडेला फिकट वर्तुळे दिसली तर तेच झाले समजा. दुसऱ्या थराने पहिल्यातली छिद्रे बुजतात, गळतीवर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

झिंक ऑक्साइड यूव्ही-ओझोनमध्ये १० मिनिटे ठेवा आणि बाहेर काढल्यावर लगेच कोटिंग करा. काच तशीच पडून राहिली की पृष्ठभाग पुन्हा पाणी झिडकारू लागतो. तरीही शाई पसरत नसेल तर कोटिंगच्या ऐन वेळी १० टक्के इथेनॉल मिसळा. २० च्या पुढे जाऊ नका, कारण इथेनॉल साबणाला कणांवरून सोडवते आणि शाई तासाभरात दाट व्हायला लागते. मिसळलेली शाई त्याच दिवशी संपवा.

मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात खोलीची आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते. तेव्हा ६० सेकंदांत थर वाळतच नाही, स्पिनर थांबल्यावर ओली शाई मध्यभागी गोळा होते. कोटिंगची जागा पेटीत बंद करून डिह्युमिडिफायरने ४० ते ५० टक्के ठेवा आणि काच ५० अंशांपर्यंत कोमट घ्या. फार कोरड्या हवेत उलटे होते: झटपट वाळतो आणि तडकतो.

शाईतले_कण

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजले.

जुन्या सेलचा अंधारातला शंट रोध २१० ओम चौ. सेंमी निघाला आणि दहाव्या हिश्शाच्या प्रकाशात फिल फॅक्टर २७ वर आला. म्हणजे गळतीच. ठिपके पाण्यात विरघळले. सोनिकेशननंतर पीएच ६ होता.

मग शाई सातपट पातळ करून, १०० किलोडाल्टनच्या फिल्टरवर २५ अंशांना, गाळलेले पाणी ५०० मायक्रोसीमेन्सवर येईपर्यंत धुतली. डीएलएसवर आता एकच शिखर, ५७ नॅनोमीटर. दोन पातळ थर दिले. ठिपके नाहीत, भेगा फक्त कडेला. शंट रोध १५०० च्या वर.

आकडे: ०.५२ व्होल्ट, ४.७ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर ४३, कार्यक्षमता १.०५ टक्के.

आता कमी प्रकाशात फिल फॅक्टर ४३ वरून ४९ वर जातो, म्हणजे उरलेला दोष पुनर्संयोगाचा असे समजतो. धुणे २५० मायक्रोसीमेन्सपर्यंत नेले तर कण गठ्ठा होऊ लागतात. पुढे काय करावे?

उत्तर: पातळ_थर

आता प्रश्न कणाच्या आत शिरला आहे.

पी३एचटीमध्ये प्रकाशाने तयार झालेला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि धन चार्जची बांधलेली जोडी) १० नॅनोमीटरच्या आसपास फिरतो आणि विझतो. तेवढ्या अंतरात त्याला स्वीकारक पदार्थ भेटला पाहिजे. १९८६ मध्ये टांग यांनी दोन सेंद्रिय थर एकमेकांवर ठेवून साधारण एक टक्क्याचा सेल केला, तिथे अडचण हीच होती: सीमारेषेजवळचाच प्रकाश उपयोगी पडत होता. १९९५ मध्ये देता-घेता पदार्थ एकत्र मिसळून बल्क हेटरोजंक्शन आले ते हे अंतर मोडायला. मिनिइमल्शनमध्ये नकळत आपण पुन्हा जुन्या रचनेकडे जातो. थेंबातून क्लोरोफॉर्म कमी होत जाताना कमी पृष्ठऊर्जेचा पदार्थ बाहेर सरकतो. पी३एचटीची पृष्ठऊर्जा पीसीबीएमपेक्षा बरीच कमी आहे, म्हणून कवच पी३एचटीचे आणि गाभा पीसीबीएमचा होतो. न्यूकॅसलच्या गटाने सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रे मायक्रोस्कोपने हे कणाकणात दाखवले आहे.

याचा सेलवर परिणाम दुहेरी. छिद्रांना, म्हणजे धन चार्जला, कवचा-कवचातून वाट मिळते. इलेक्ट्रॉन मात्र प्रत्येक गाभ्यात कोंडला जातो, कारण शेजारच्या गाभ्यापर्यंत जायला मध्ये दोन कवचे आणि साबणाचा पापुद्रा. कमी प्रकाशात तुमचा फिल फॅक्टर वाढतो तो यामुळे: कोंडलेले इलेक्ट्रॉन कमी, तर पुनर्संयोगही कमी.

तपासायचे कसे? फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश टाकल्यावर पदार्थाने दिलेली चमक) घ्या. नुसत्या पी३एचटीच्या कणांची शाई आणि मिश्र कणांची शाई, दोन्हींचे शोषण ५२० नॅनोमीटरला सारखे करून. मिश्र कणात चमक नव्वद टक्क्यांहून जास्त विझत असेल तर एक्सायटॉनचे विभाजन ठीक आहे आणि अडचण वाहतुकीत आहे. सत्तरच टक्के विझत असेल तर कवच फार जाड आहे. जोडीला शोषणाचा आलेख बघा: क्लोरोफॉर्ममध्ये पी३एचटीचे शिखर ४५० च्या आसपास असते आणि द्रावण नारिंगी दिसते, क्लोरोफॉर्म उडताना तीच शाई तपकिरी-जांभळी होत जाते आणि ६०० ते ६०५ नॅनोमीटरला खांदा उमटतो. खांदा ठळक असेल तर साखळ्या नीट रचल्या गेल्या. शाई ६० अंशांवर ३ तासांनंतरही लालसर नारिंगीच दिसत असेल तर क्लोरोफॉर्म अजून आत आहे.

तापवण्याबद्दल. कण जोडले जावेत म्हणून ११० वरून १४० अंशांना जाण्याचा मोह होतो. पीसीबीएमसोबत जपून. १३० च्या वर तो झपाट्याने हलतो आणि मायक्रॉनच्या आकाराचे स्फटिक करतो; मायक्रोस्कोपखाली काळ्या सुया दिसल्या की करंट घसरलेला असेल. ११०, १२०, १३० अंश, प्रत्येकी ४ मिनिटे, नायट्रोजनमध्ये, अशी छोटी मालिका लावा आणि बहुतेक १२० जवळ थांबा. हवेत तापवणे बंद करा. ओला थर हवेत ८० अंशांवर २ मिनिटे सुकवा, पाणी घालवा आणि खरे ॲनीलिंग, म्हणजे रचना बसवण्यासाठीचे तापवणे, ग्लोव्हबॉक्समध्ये करा.

ओ-आयडीटीबीआरबद्दल: हो, जा. कारण व्होल्टेज. नेहमीच्या द्रावकातून पी३एचटी आणि ओ-आयडीटीबीआर १:१ ने २०१६ मध्ये ६.४ टक्के दिले, व्होल्टेज ०.७ च्या वर, ॲनीलिंग १३० अंश १० मिनिटे. शिवाय तो ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश स्वतः शोषतो, जे पीसीबीएमला जवळजवळ जमत नाही. पीसीबीएमसारखा मोकाट स्फटिकही होत नाही, म्हणून १३० अंश सहन होतात आणि कण खरोखर एकमेकांत मिसळतात. कवच-गाभ्याचा प्रश्न पूर्ण जात नाही, सौम्य होतो.

उत्तर: डार्क_करंट

वरच्याला एक पुरवणी. झिंक ऑक्साइडवर फुलरीनेतर स्वीकारक ठेवलात तर यूव्ही प्रकाशाने तो सीमेवर खराब होतो, झिंक ऑक्साइडच्या प्रकाश-उत्प्रेरणेमुळे. कार्यक्षमता मोजताना दिसणार नाही, स्थिरता मोजताना दिसेल. ४०० नॅनोमीटरखालचा प्रकाश कापणारा फिल्टर लावा, नाहीतर टिन ऑक्साइडच्या नॅनोकणांचा थर वापरा. तोही पाण्यातच मिळतो, १५० अंशांवर सुकतो आणि सोल-जेलमधल्या मेथॉक्सीइथेनॉलपासून सुटका होते. ते द्रावक प्रजननक्षमतेला घातक आहे. सक्रिय थराचे क्लोरोबेन्झीन काढून खालच्या थरात ते ठेवणे विसंगत वाटते.

उत्तर: ग्रॅम_प्रति_मीटर

तिसऱ्या, पर्यावरणपूरकतेच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून आकडे मांडतो.

१०० नॅनोमीटरचा थर एक चौ. मीटरवर म्हणजे ०.१ घन सेंमी, वजन साधारण ०.१२ ग्रॅम. तुमच्या कृतीत ६० मिग्रॅला ५६० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म लागतो. म्हणजे चौ. मीटरला सुमारे १.१ मिली. थेट क्लोरोबेन्झीनमधून ४० मिग्रॅ प्रति मिलीने घातले असते तर ३ मिली, तेही सगळी शाई काचेवरच राहिली असे धरून. स्पिन कोटिंगमध्ये बहुतेक उडून जाते. मात्रा कमी होते खरी, पण खरा फायदा जागेचा आहे. क्लोरोफॉर्म बंद भांड्यात वापरला जातो आणि कंडेन्सर लावून परत मिळवता येतो. तुम्ही सध्या झाकण उघडे ठेवून उडवता, तो भाग बदला. रोटरी इव्हॅपोरेटरवर हळू निर्वात देऊन, ४० अंशांवर, फेस येऊ न देता काढा आणि थंड सापळ्यात गोळा करा. कोटिंगच्या मशीनजवळ, जिथे माणसे उभी असतात आणि मैलभर फिल्म फिरते, तिथे फक्त पाण्याची वाफ निघते.

पाणी वाळवायला ऊर्जा फार लागते असा आक्षेप नेहमी येतो. ६० मिग्रॅ प्रति मिलीच्या शाईत ०.१२ ग्रॅम घनासाठी २ मिली पाणी, वाळवायला साधारण ५ किलोज्यूल. महाराष्ट्रात दिवसाला चौ. मीटरवर साधारण ५ युनिट ऊन पडते. एक टक्क्याचा सेलसुद्धा त्यातून दिवसाला १८० किलोज्यूल देतो. आक्षेप निकालात.

मला खुपते ती चांदी. १०० नॅनोमीटर चांदी म्हणजे चौ. मीटरला १.०५ ग्रॅम, सक्रिय थराच्या जवळजवळ नऊपट वजन. त्याखाली आयटीओमधले इंडियम, जे मुख्यत्वे जस्ताच्या खाणीतून उपउत्पादन म्हणून निघते. शाश्वततेचा विचार खरोखर करायचा असेल तर शाई जमल्यावर पुढचा घाव चांदीवर घाला: कार्बन पेस्ट, किंवा पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा जाड थर आणि चांदीची बारीक जाळी. सेल किती वर्षे टिकतो हा त्याहून मोठा आकडा आहे. एक टक्का कार्यक्षमता दहा वर्षे आणि पाच टक्के सहा महिने, यात पहिला जिंकतो.

शिवाय पी३एचटी धरून ठेवलात हे उत्तम. पीएम६ (दाता) आणि वाय६ (स्वीकारक) या जोडीने २०१९ मध्ये १५.७ टक्के दिले खरे, पण त्यांच्या संश्लेषणाच्या पायऱ्या मोजल्या तर प्रत्येक पायरीला द्रावक, शुद्धीकरण आणि कचरा. स्वस्त पण जास्त ताकदीचा दाता हवा असेल तर पीटीक्यू१० पाहा, २०१८ मध्ये आलेला, दोन पायऱ्यांत होतो.

उत्तर: झायलीन_मार्ग

मतभेद नोंदवतो. कार्यक्षमता हेच ध्येय असेल तर पाणी सोडा आणि ओ-झायलीनमधून थेट कोटिंग करा. क्लोरीन नाही, १४४ अंशांना उकळते, पी३एचटी आणि ओ-आयडीटीबीआर ६० अंशांवर नीट विरघळतात. कोमट काच, गरम द्रावण, एवढेच पथ्य. थंड झाले की पी३एचटी जेलसारखे गोठते. साबण नाही, धुणे नाही. पाण्याची शाई तिथेच शोभते जिथे कोटिंग करणाऱ्यांकडे वाफ ओढणारी यंत्रणा नाही. आणि पाण्याचाच आग्रह असेल तर इमल्शनमधला क्लोरोफॉर्मही झायलीनने बदलता येतो. पाण्याबरोबर ते ९४ अंशांच्या आसपास उकळून निघून जाते, फक्त वेळ जास्त लागतो.

शाईतले_कण

सर्वांचे आभार. वापरणाऱ्यांकडे फ्यूमहूड नसेल असे धरूनच काम चालू आहे, म्हणून पाण्यावर ठाम आहे. ओ-आयडीटीबीआर आणि टिन ऑक्साइड दोन्ही घेतो. दोन शंका उरल्या. एसडीएसपेक्षा सहज निघणारा साबण आहे का? आणि तयार शाई किती टिकते, फ्रिजमध्ये ठेवावी का?

उत्तर: इमल्शन_टेबल

आहे. पोलोक्सामर एफ१२७. त्याचे वागणे एसडीएसच्या बरोबर उलट आहे. खोलीच्या तापमानाला मिसेल धरतो आणि गार केले की मिसेल मोडून सुटे रेणू होतात, १२.६ किलोडाल्टनचे. म्हणून इथे सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर ठेवायचे आणि १०० किलोडाल्टनच्या जाळीतून तो वाहून जाऊ द्यायचा. जर्मनीतल्या एरलांगनच्या ब्राबेक गटाने २०१८ मध्ये हेच वापरून पाण्याच्या शाईतून सात टक्क्यांच्या वरचा सेल केला; पी३एचटी आणि ओ-आयडीटीबीआरने पाच टक्के ओलांडले. तुमच्याच जोडीचा आकडा आहे, तोच समोर ठेवा.

तिथे इमल्शन नाही, अवक्षेपण आहे. दोन्ही पदार्थ टीएचएफ या पाण्यात मिसळणाऱ्या द्रावकात, एकूण १ मिग्रॅ प्रति मिली, ५० अंशांवर विरघळवा. एफ१२७ घातलेले पाणी जोरात ढवळत असताना त्याच्या चार-पाचपट आकारमानात हे द्रावण झटक्यात टोचा. हळू थेंबथेंब टाकले तर कण मोठे आणि असमान होतात. टीएचएफ नायट्रोजनच्या झोताने घालवा, मग गार धुणे. टीएचएफ झपाट्याने पाण्यात मिसळत असल्याने दोन्ही पदार्थांना वेगळे व्हायला वेळ मिळत नाही, कवच-गाभ्याची विभागणी कमी होते.

टीएचएफची बाटली मात्र बघून घ्या. बऱ्याच बाटल्यांत २५० पीपीएम बीएचटी स्थिरक असतो. ऐकायला नगण्य, पण मिलीमागे ०.२२ मिग्रॅ होतो आणि तुमचा पदार्थच मिलीमागे १ मिग्रॅ आहे. तो पाण्यात विरघळत नाही, सरळ कणांत जाऊन बसतो. स्थिरकविरहित टीएचएफ घ्या, लहान बाटली, आणि उघडल्यावर पेरॉक्साइडच्या पट्टीने दर वेळी तपासा. पट्टी रंगली तर ती बाटली वापरू नका आणि आटवायला तर मुळीच घेऊ नका, स्फोटाचा धोका असतो.

साठवणीचे: एसडीएसची शाई फ्रिजमध्ये नको, कारण वर दिलेच आहे. २० ते २५ अंश, तपकिरी कुपी, वर नायट्रोजन. पी३एचटी हवा आणि प्रकाश एकत्र मिळाले की फिके पडते. एफ१२७ धुतलेली शाई कमी टिकाऊ, कारण कवच काढलेले असते. धुतल्या दिवशीच कोटिंग करा, आणि साठवायचीच असेल तर न धुता ठेवून लागेल तेवढीच धुवा. वापरण्याआधी कुपी हलक्या हाताने उलटीसुलटी करा, डीएलएस घ्या. आकार वीस टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर ती शाई सेलसाठी घेऊ नका. तळाशी बसलेला गाळ सोनिकेटर लावून परत उठवता येतो, पण त्यातले गठ्ठे सुटत नाहीत, फक्त दिसेनासे होतात आणि फिल्ममध्ये छिद्र होऊन परत येतात.